सायकलचा लांब पल्ला : बेताबेताने वाढवा

बाजारहाटाला नि शाळेला आपण सायकल मारतोच. त्याच भरवशावर एखादा तरुण पहिल्याच दिवशी साठ-सत्तर किलोमीटर काढतो आणि मग आठवडाभर गुडघा धरून बसतो. ऐन पेरणीत असे बसणे कोणाला परवडेल?

आधी सीट पाहा. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकवली, तर पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असली की गुडघ्यावर ताण येतो.

आठवड्यातून तीन दिवस 10 किलोमीटर चालवा आणि एक दिवस लांब फेरी मारा. ही फेरी 20 किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला दहावा हिस्साच वाढवा. दर चौथ्या आठवड्याला ती कमी करा. पाच-सहा महिन्यांत शंभरी गाठता येते. तहानेची वाट न पाहता घोटघोट पाणी प्या. गूळ-शेंगदाणे जवळ ठेवा. गुडघा दुखू लागला की थांबा.

हौशी स्वारांसाठी 'ब्रेव्हे' नावाच्या फेऱ्या असतात. त्यांत 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचलात की झाले.

गोऱ्हा शिकवताना आपण त्याला पहिल्याच दिवशी दिवसभर औताला जुंपत नाही. आपल्या पायांनाही तेवढीच सवड द्या.