रेंज वाडीपर्यंत का पोचत नाही? दूरसंचाराचे नियम आणि आपली गावं



सांगलीच्या गणपती पेठेत मोबाईलवर व्हिडिओ लावला की लगेच सुरू होतो. तोच मोबाईल, तेच सिमकार्ड आणि तोच रिचार्ज घेऊन कोयनेच्या बॅकवॉटरकडच्या एखाद्या वाडीत जा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की चक्र नुसतं फिरत राहतं. पैसे दोघांनीही सारखेच भरले, मग असं का?

"तिथं टॉवर नाही" हे उत्तर मुलंसुद्धा देतात. पण टॉवर का नाही, हा पुढचा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्याचं उत्तर डोंगरात जेवढं आहे तेवढंच सरकारी नियमांत आहे. मोबाईल सेवा स्वस्त करणं आणि ती सगळ्यांपर्यंत पोचवणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. आपल्या देशातल्या नियमांनी पहिलं काम चांगलं केलं, दुसरं अजून अर्धवट आहे. ते कसं, हे आज समजून घेऊ.

नियामक म्हणजे पंच

कबड्डीच्या सामन्यात एका संघाचा कप्तानच पंच असेल तर काय होईल? आपल्याकडे १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना टेलिफोन सेवेचं दार उघडलं, तेव्हा नेमकं असंच होतं. सरकारचं दूरसंचार खातं स्वतः फोनसेवा देत होतं आणि नियमही तेच करत होतं. म्हणून १९९७ साली कायदा करून 'ट्राय' म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झालं. पुढे २००० साली बीएसएनएल ही वेगळी कंपनी झाली आणि त्याच वर्षी तंटे सोडवण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणही आलं. खेळाडू वेगळा आणि पंच वेगळा, ही पहिली सुधारणा.

सेवा स्वस्त कशी झाली?

पहिलं कारण शेतीच्या उदाहरणाने पटकन समजतं. शेत कसायला देताना आपण ते खंडाने देतो किंवा वाट्याने देतो. खंड ठरला की पीक येवो न येवो, रक्कम द्यावीच लागते. वाट्यात मात्र पिकलं तर मालकालाही मिळतं आणि नाही पिकलं तर कसणारा बुडत नाही. सुरुवातीचे मोबाईल परवाने खंडासारखे होते. कंपन्यांनी मोठमोठ्या बोली लावल्या, गिऱ्हाईक मिळेना आणि फी थकली. १९९९ च्या नव्या धोरणाने खंड काढून वाटा आणला, म्हणजे उत्पन्नातला ठरावीक हिस्सा सरकारला द्यायचा. तेव्हापासून जास्त गिऱ्हाईक जोडणं कंपनीच्याही फायद्याचं झालं आणि सरकारच्याही.

दुसरं कारण इनकमिंगचं. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या काळात फोन घेणाऱ्यालाही पैसे पडायचे. २००३ साली 'जो फोन करेल तो पैसे देईल' हा नियम आला आणि इनकमिंग फुकट झालं. ऊसतोडीला आलेला माणूस, घरकाम करणारी बाई, कॉलेजचा मुलगा, सगळ्यांना थोड्या पैशात फोन बाळगता येऊ लागला. निदान घरचा फोन तरी येऊ शकत होता!

तिसरं कारण नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय, म्हणजे पोर्टिंग. २० जानेवारी २०११ पासून ती देशभर सुरू झाली. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं म्हटल्यावर दुकानदार आपोआप नीट बोलायला लागतो, तसंच हे.

चौथं उदाहरण सीमेवरच्या लोकांना चांगलं आठवेल. परवान्यांसाठी देशाचे विभाग पाडले होते. महाराष्ट्र आणि गोवा एका विभागात, कर्नाटक दुसऱ्यात. त्यामुळे मिरजेचा माणूस कागवाडला सोयरिकीला गेला की फोन रोमिंगमध्ये जायचा आणि आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. जतच्या कितीतरी घरांची नाती अथणी, विजयपूर भागात आहेत. ट्रायने रोमिंगच्या दराची मर्यादा खाली आणली, स्पर्धा वाढली आणि पुढे कंपन्यांनी हे पैसे घेणंच सोडलं.

पाचवं कारण पालकांच्या फारसं लक्षात येत नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला, की कोणती वेबसाइट उघडली यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. त्यामुळे ठरावीक साइट फुकट देणाऱ्या 'फ्री बेसिक्स'सारख्या योजना थांबल्या. फुकट मिळत होतं ते का थांबवलं, असं वाटेल. पण मुलाने काय वाचायचं ते कंपनीने ठरवायचं का? आपला हा छोटा ब्लॉग आणि मोठ्या कंपनीची साइट एकाच दरात उघडते, ती या नियमामुळे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचे दर कोसळले, हे सगळ्यांनी पाहिलं. पण नवा खेळाडू मैदानात येऊ शकला, कारण मैदान आधीच्या नियमांनी मोकळं केलेलं होतं.

मग अडलं कुठं?

स्पर्धा माणसं असतील तिथं धावते. कराड, विटा, इस्लामपूर इथं चार कंपन्यांचे टॉवर उभे राहतात. पाटणच्या, जावळीच्या किंवा शिराळ्याच्या डोंगरातल्या वीस-पंचवीस घरांच्या वाडीत टॉवरचा खर्चही निघत नाही. अशा ठिकाणी सेवा न्यायची तर नियमानेच ढकलावं लागतं, आणि तिथंच नियम कमी पडले.

एक तर परवान्यातली अट. कंपनीने तीन वर्षांत निम्म्या जिल्हा मुख्यालयांत, किंवा त्याऐवजी त्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या एखाद्या शहरात, सेवा द्यावी असं त्यात होतं. ग्रामीण भागाची सक्ती नव्हती. म्हणजे सातारा शहरात टॉवर उभारला की सातारा जिल्हा झाला! पेपरात जे विचारलं जाणार नाही ते मुलं वाचत नाहीत, तसंच कंपन्यांचंही झालं.

दुसरं, लहरींची किंमत. यात्रेतला ढोल आणि झांज आठवा. झांजेचा बारीक आवाज जवळच विरतो, ढोलाचा जाड आवाज टेकाडापलीकडेही ऐकू येतो. रेडिओ लहरींचंही साधारण तसंच आहे. कमी वारंवारितेची लहर लांब जाते, भिंतीतून आणि टेकाडाआडूनही जास्त पोचते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा हा असा ढोल आहे. कमी टॉवरमध्ये जास्त गावं झाकायला तो फार उपयोगी. पण २०१६ च्या लिलावात त्याची किमान किंमत देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये ठेवली. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरी कुणी घेतला नाही. शेवटी २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर तो पहिल्यांदा विकला गेला. जास्त पैसे मिळतील या आशेवर सहा वर्षं तो पट्टा पडून राहिला. ना तिजोरीत पैसे आले, ना डोंगरात रेंज.

तिसरं, निधी. कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग खास दुर्गम भागासाठी वेगळा काढला जातो. त्या निधीला २००३ च्या कायद्याने आधार दिला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं. कल्पना उत्तम आहे. पण जमलेल्या रकमेतला मोठा भाग वर्षानुवर्षं खर्चच झाला नाही. याच निधीतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. तीही ठरल्यापेक्षा कितीतरी मागे पडली. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे देशातला पहिला मोबाईल कॉल होऊन सत्तावीस वर्षं झाली, तरी इतकी गावं बाकी होती.

चौथं, परवानग्या. टॉवरला ग्रामपंचायत, बांधकाम खातं, वीज कंपनी अशी बरीच दारं ठोठवावी लागतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या भागात वनखात्याची परवानगीही लागते. जंगल राखायचं तर ती लागलीच पाहिजे. पण हो किंवा नाही हे वेळेत कळायला हवं. २०१६ च्या नियमांनी अशा अर्जांसाठी साठ दिवसांची मुदत घातली, ती याचसाठी.

सेवा बंद करण्याचा नियम

नियमांची आणखी एक बाजू सातारकरांनी अनुभवली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत दंगल झाली, त्यात एकाचा जीव गेला. त्यानंतर जिल्ह्यात इंटरनेट काही काळ बंद ठेवण्यात आलं. अफवा थांबवणं गरजेचं असतं, हे कुणीही मान्य करील. पण नेट बंद झालं की फोनवरून पैसे देणं थांबतं, ऑनलाइन अर्ज अडतात, मुलांचा अभ्यास थांबतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, की असे आदेश जाहीर केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत ठेवता येणार नाही. जितकं जास्त जगणं नेटवर जाईल, तितका हा अधिकार जपून वापरावा लागेल.

बाहेरच्या देशांत काय?

आफ्रिकेतले दोन शेजारी देश पाहा. केनियात २००७ मध्ये मोबाईलवरून पैसे पाठवण्याची 'एम-पेसा' सेवा सुरू झाली. तिथल्या मध्यवर्ती बँकेने ती अडवली नाही, लक्ष ठेवून चालू दिली. खेड्यातल्या माणसाच्या हातात बँकच आली. शेजारच्या इथिओपियात मात्र २०२२ पर्यंत मोबाईल सेवेत एकच सरकारी कंपनी होती, गिऱ्हाईकाला दुसरं दारच नव्हतं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

२०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना कुठे सेवा मिळते याचा नकाशा आपल्या वेबसाइटवर ठेवावा लागतो. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी हा छान उपक्रम आहे:

१. गावाचा साधा नकाशा काढा आणि त्यात शाळा, देऊळ, वाड्या, वस्त्या दाखवा.
२. प्रत्येक ठिकाणी मोठ्यांसोबत जाऊन कोणत्या कंपनीची रेंज येते ते लिहा.
३. कंपनीच्या नकाशाशी तुलना करा. फरक कुठे आहे?
४. फरक असेल तर पालकांनी आधी कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.
५. मुलांचा नकाशा ग्रामसभेत मांडा. टॉवरला जागा द्यायचा ठराव गावाने केला तर एक अडथळा तरी कमी होतो.

यात भूगोल आला, गणित आलं आणि नागरिकशास्त्रही आलं. मुलांना एवढं जरी कळलं, की रेंज आपोआप येत नाही, कुणीतरी केलेल्या नियमाने येते किंवा अडते आणि तो नियम बदलायला सांगता येतं, तरी खूप झालं.

तुमच्या गावाचा नकाशा तयार झाला की जरूर कळवा.