ट्रॅक्टर-शेडच्या शटरला मोटर बसविताना



ऊसविकासाच्या कामासाठी गटागटांतून फिरताना अलीकडे एक गोष्ट आमच्या नजरेस येते. घराशेजारच्या ट्रॅक्टर-शेडच्या लोखंडी शटरला आता मोटर बसू लागली आहे. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर काढायचा, भर पावसात खाली उतरून शटर ओढायचे, त्यापेक्षा बटण दाबले की दार उघडते. ही सोय कोणाला नको? पण मिस्त्रीने मोटर चढविली, शटर वर जाऊन दाखविले, म्हणजे काम पुरे झाले असे नव्हे. खरी परीक्षा शटर खाली येताना असते. हंगामात आपल्या शेडभोवती ऊसतोडणी टोळीची लहान मुले खेळतात, आपलीही नातवंडे असतात. मोटरीला डोळे नाहीत. बटण दाबले की ती शटर खाली आणणार. खाली पोते आहे की पोर, हे तिला कळत नाही. हा विषय लागवडीचा नसला तरी सभासदांच्या दारातला आहे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

आधी शटर, मग मोटर

हाताने उघडावयाच्या शटरच्या वरच्या पाइपावर स्प्रिंगा असतात. शटरचे वजन खरे म्हणजे त्याच पेलतात. पाइपाच्या मध्यावर बसणारी मोटर, जिला सेंट्रल मोटर म्हणतात, ती या स्प्रिंगांच्या भरवशावरच चालते. म्हणून मोटर आणण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. शटर हाताने निम्म्यापर्यंत उचलावे आणि आधार न सोडता हात हळूच सैल करावा. शटर तेथेच थांबले तर तोल बरोबर आहे. खाली घसरू लागले तर स्प्रिंग ढिली. आपोआप वर धावले तर जादा ताणलेली. शटर जड लागते म्हणून मोठी मोटर घ्या, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. एक बैल लंगडत असेल तर दुसऱ्याला चाबूक मारून गाडी नीट चालत नाही, तशातला हा प्रकार आहे.

स्प्रिंगचा ताण मात्र स्वतः बदलू नये. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो. ते काम शटरच्या कारागिराचेच. आपण एवढे करावे, की दोन्ही बाजूंचे गाईड साफ करून घ्यावेत आणि वाकलेल्या पट्ट्या बदलून घ्याव्यात. गाईडमध्ये जळके ऑइल ओतण्याची आपल्याकडे सवय आहे, ती बरी नव्हे. त्यात धूळ बसून चिखल होतो आणि शटर अडकते.

मोठ्या व जड शटरला बाजूने साखळीवर चालणारी साईड मोटर लावतात. अशा शटरला बहुधा स्प्रिंगा नसतात, सारा भार मोटर आणि साखळीवर येतो. तेथे साखळी तुटली तर शटर कोसळू नये म्हणून पडझड रोखणारा ब्रेक आहे का, हे विचारूनच सौदा करावा. शटरचे वजन कारागिराकडून लिहून घ्यावे व त्याहून जास्त क्षमतेची मोटर घ्यावी.

वीज कोठून घ्यावी

वीज घराच्या मीटरवरूनच घ्यावी. शेतीपंपाच्या जोडणीवरून तार ओढू नये. मंजूर कामाखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरणे हा २००३ च्या विद्युत कायद्यानुसार अनधिकृत वापर ठरतो, शिवाय पंपाच्या फीडरला वीज ठराविक तासच असते. मोटरीसाठी स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. लोखंडी शटरला सारे घर हात लावते, तेव्हा अर्थिंग पक्के हवेच. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. विजेचा दाब कमी असताना मोटर नुसती घुमते आणि तापते. अशा वेळी बटण दाबत बसू नये. या मोटरी सतत चालण्यासाठी नसतात. पाच-सहा वेळा लागोपाठ वर-खाली केले तर मोटर तापून आपोआप बंद पडते. ती बिघडली असे समजून खोलू नये, थंड होऊ द्यावी.

मर्यादा जुळविणे

वर कोठे थांबायचे आणि खाली कोठे थांबायचे, हे मोटरीला लिमिट स्विच सांगतो. पहिल्या चाचणीला शटर मध्यावर ठेवावे. वरचे बटण दाबल्यावर ते खाली जाऊ लागले तर वायरी उलट लागल्या आहेत. मध्यावर असल्याने थांबवायला अवधी मिळतो. पूर्ण वर वा पूर्ण खाली ठेवून चाचणी घेतली तर पट्ट्या वाकतात.

वरची मर्यादा अशी ठेवावी, की खालची पट्टी वरच्या पेटीत शिरण्याआधी चार बोटे अलीकडे थांबेल. खालची अशी, की पट्टी जमिनीला टेकताच मोटर थांबेल. टेकल्यावरही मोटर फिरत राहिली तर पट्ट्या ढिल्या पडतात आणि पाइपाभोवती उलट्या गुंडाळू लागतात. स्क्रू थोडा थोडा फिरवावा आणि चाचणी घेताना एक बोट थांबविण्याच्या बटणावरच असावे. जुनी कुलपे वा बाजूचे अडसर शिल्लक असतील तर ते काढून टाकावेत. कुलूप लावलेले असताना कोणी बटण दाबले तर शटरचे नुकसान ठरलेलेच.

सर्वांत महत्त्वाचे

अमेरिकेत घरोघरी गॅरेजची दारे मोटरीवर चालतात. तेथे दाराखाली सापडून मुले दगावली, तेव्हा कायदा करावा लागला. १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती यंत्राला अडथळा आला की दार उलट वर नेण्याची सोय सक्तीची झाली. तेथे जमिनीवर दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून दार खाली आणतात; फळीला टेकताच दार परत वर गेले पाहिजे.

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच साध्या मोटरींत ही सोय नसते. तेव्हा ती मागून घ्यावी लागते. दोन गोष्टी कराव्यात. पहिली, शटरच्या दोन्ही बाजूंना किरणाचे सेन्सर बसवावेत, जमिनीपासून सहा इंचांहून उंच नाही, म्हणजे रांगणारे मूलही किरणाच्या आड येईल. शटर खाली येत असताना झाडूचा दांडा मध्ये धरून पाहावा. शटर थांबून वर गेले पाहिजे. दुसरी, सेन्सर नसतील तर शटर खाली आणणारे बटण दाबून धरले असेपर्यंतच शटर चालावे, बोट काढताच थांबावे, अशी जोडणी करून घ्यावी. अशा जोडणीला रिमोट ठेवू नये. बटण जमिनीपासून पाच फूट उंचीवर आणि शटर पूर्ण नजरेस पडेल अशा जागी बसवावे. रिमोट ट्रॅक्टरच्या किल्लीला अडकवून ठेवला तर तो पोरांच्या हाती पडतो, हेही ध्यानात असू द्यावे.

वीज गेल्यावर शटर हाताने उघडण्याची दोरी किंवा साखळी असते. ती कोठे आहे आणि कशी ओढावयाची, हे घरातल्या प्रत्येकाला, ड्रायव्हरलाही दाखवून ठेवावे. ती ओढण्यापूर्वी शटरखाली कोणी नाही याची खात्री करावी, कारण तोल बिघडलेला असेल तर शटर एकदम खाली येते.

महिन्यातून एकदा या चाचण्या घ्याव्यात, पाच मिनिटांचे काम आहे. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर, नांगर, मोटरपंप यांची पूजा करतोच. त्या दिवशी शटरलाही हळद-कुंकू लावावे, पण त्याआधी झाडूचा दांडा मध्ये धरून पाहावा. शटर वर गेले नाही, तर हंगामाची टोळी दारात येण्यापूर्वी मिस्त्रीला बोलवावे.