शनीची कडी: कुठून पाहता, त्यावर सगळं

शनी म्हटलं की पाठ्यपुस्तकातलं चित्र डोळ्यांपुढे येतं: पिवळसर गोळा आणि त्याभोवती तिरपी, लख्ख चकती. कॅसिनी यान १ जुलै २००४ रोजी शनीभोवतीच्या कक्षेत शिरलं आणि १५ सप्टेंबर २०१७ पर्यंत तिथे फिरत राहिलं. या तेरा वर्षांत त्यानं साडेचार लाखांवर छायाचित्रं पाठवली. त्यांतली कितीतरी पाठ्यपुस्तकातल्या चित्राशी अजिबात जुळत नाहीत. सूर्य कुठे आहे, कड्यांचं प्रतल त्याच्याकडे किती कललं आहे आणि पाहणारा कुठल्या बाजूला आहे, या तीन गोष्टींवर कड्यांचं रूप ठरतं. पृथ्वीवरून आपल्याला या तिन्हींची फारशी अदलाबदल करता येत नाही. यानाला येते, आणि यान पाठवण्याचं मोठं कारण माझ्या मते हेच आहे.

‘कडी कुठूनही पाहिली तरी तशीच दिसतात’

२०२५ साली ज्यांनी दुर्बिणीतून शनी पाहिला, त्यांना कड्यांच्या जागी जेमतेम एक रेघ दिसली. कडी विरली नव्हती. त्या वर्षी आपण त्यांच्याकडे अगदी कडेवरून पाहत होतो. शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेत असं दोनदा घडतं. १६१२ मध्ये गॅलिलिओ याच प्रकारानं गोंधळून गेला होता.

यानातून दिसणारा फरक याहून चकित करणारा आहे. उन्हाच्या बाजूनं पाहिलं तर मधलं, सर्वांत दाट ‘बी’ कडं सर्वांत उजळ दिसतं. त्याच्या आत असलेलं ‘सी’ कडं आणि बाहेरची कॅसिनी फट काळपट वाटतात. आता प्रतल ओलांडून सावलीच्या बाजूला जा. ‘बी’ कड्यातून ऊन पलीकडे येतच नाही, त्यामुळे ते काळवंडतं. ‘सी’ कडं आणि कॅसिनी फट यांच्यातला विरळ माल मात्र झिरपत्या उजेडात चमकू लागतो. छायाचित्राची निगेटिव्ह पाहावी, तसं सगळं उलटं होतं. ‘कॅसिनी फट रिकामी आहे’ हा जुना समजही इथेच खोटा ठरतो. ४,८०० किलोमीटर रुंदीच्या या पट्ट्यात बर्फाचे तुकडे आहेत, फक्त शेजारच्या कड्यांहून विरळ.

तिसरी जागा म्हणजे शनीची सावली. सूर्य ग्रहामागे दडला की बारीक धूळ उजळते. १५ सप्टेंबर २००६ रोजी कॅसिनीनं याच जागेवरून चित्रं टिपली. तेव्हा बाहेरचं ‘ई’ नावाचं पुसट कडं स्पष्ट उमटलं. एन्सेलाडस या उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांमधून उडणाऱ्या बर्फाच्या कणांनी ते बनलेलं आहे. १९ जुलै २०१३ रोजी अशाच जागेवरून घेतलेल्या चित्रात सुमारे १४४ कोटी किलोमीटरवरची आपली पृथ्वी निळसर ठिपक्यासारखी दिसते.

विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर उपग्रहाच्या पृष्ठभागावर उभा अंतराळवीर आणि आकाशात तिरपी पसरलेली भव्य कडी असं दृश्य हमखास असतं. एन्सेलाडस, डायोनी, ऱ्हिया, टायटन हे उपग्रह जवळजवळ कड्यांच्याच प्रतलात फिरतात, त्यामुळे तिथून कडी कायम रेघेसारखीच दिसणार. टायटनवर तर दाट नारिंगी धुरक्यामुळे तीही दिसणार नाही. मोठ्या उपग्रहांपैकी एकट्या आयापेटसची कक्षा सुमारे १५ अंश कललेली आहे. कडी खुली पाहायची तर तिथे जायला हवं.

‘यान कड्यांतून दगड चुकवत जातं’

चित्रपटांनी हा समज पक्का केला आहे. मुख्य कड्यांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटरच्या घरात जातो, पण जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच. ताशी हजारो किलोमीटर वेगानं आडवं जाणारं यान एवढा थर निमिषार्धात पार करील. चुकवायला वेळच नाही.

आतले तुकडे एकमेकांवर धडाधड आदळतात, हेही खरं नाही. शेजारी तुकडे जवळपास एकाच वेगानं, एकाच दिशेनं फिरत असतात. त्यांची टक्कर मुंगीच्या चालीची, सेकंदाला काही मिलिमीटरची. कड्यासोबत फिरणाऱ्याला तिथे शांतता वाटेल. आडव्या येणाऱ्या यानाला मात्र वाळूचा कणही गोळीहून घातक.

म्हणूनच एप्रिल २०१७ मध्ये सगळ्यांनी श्वास रोखले होते. इंधन संपत आलेलं कॅसिनी शनी आणि सर्वांत आतलं कडं यांच्यामधल्या दोन-अडीच हजार किलोमीटरच्या पट्ट्यात शिरणार होतं. त्याआधी तिथून कुठलंही यान गेलं नव्हतं. यानाचा वेग ताशी सुमारे १,२०,००० किलोमीटर होता. चार मीटर व्यासाचा अँटेना ढालीसारखा पुढे केला होता, त्यामुळे पृथ्वीशी संपर्क तुटलेला. धुळीच्या कणांच्या आघातांचं ध्वनीत रूपांतर करता येईल असं एक उपकरण यानावर होतं. कड्यांच्या बाहेरच्या भागात त्यानं आघातांचा सडा नोंदवला होता. या पट्ट्यातून मात्र जेमतेम काही टिचक्या ऐकू आल्या. जागा अपेक्षेहून खूपच स्वच्छ निघाली आणि यान तिथून २२ वेळा गेलं.

कड्यांतले सुटे दगड दाखवणारी जी चित्रं आपण पाहतो, ती सगळी चित्रकारांनी काढलेली आहेत. कड्यातला एकेक तुकडा वेगळा दिसावा, असं छायाचित्र आजवर कुठल्याही यानाला घेता आलेलं नाही. कड्याआड जाणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश कसा लुकलुकतो आणि यानाच्या रेडिओ लहरी कड्यातून जाताना किती क्षीण होतात, यांवरून तुकड्यांचे आकार काढले गेले. धुळीच्या कणापासून घराएवढ्या गोळ्यापर्यंत सगळे आकार आहेत आणि जवळजवळ सगळा माल पाण्याचा बर्फ आहे.

‘तिथे अंधार असतो’

सूर्यापासून शनी पृथ्वीच्या साडेनऊ पट दूर, म्हणून ऊन सुमारे नव्वदाव्या हिश्शाचं. तरीही ते पौर्णिमेच्या चांदण्याच्या हजारो पट आहे. माणसाला तिथे सगळं नीट दिसेल.

‘फोटोंचे रंग खोटे’

कॅसिनीचा कॅमेरा कृष्णधवल होता. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकापाठोपाठ एक चित्रं घ्यायची आणि ती एकत्र जुळवायची, ही पद्धत. मधल्या काळात उपग्रह सरकला तर जुळवलेल्या चित्रात तो तीन रंगांच्या तीन ठिपक्यांसारखा दिसतो. अशा नैसर्गिक रंगांच्या चित्रांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. अवरक्त किंवा अतिनील गाळण्या वापरलेली चित्रंही खोटी नसतात. डोळ्याला न दिसणारा फरक ती दाखवतात आणि सोबतच्या मजकुरात तसं लिहिलेलं असतं. तो मजकूर गाळून चित्र पुढे पाठवलं जातं, तिथे घोळ होतो.

शनीचा खरा रंगही बदलतो. २००४ मध्ये उत्तर गोलार्धात हिवाळा होता, कड्यांची सावली तिथे पडत होती आणि तो भाग निळसर दिसे. मे २०१७ मध्ये तिथे ऐन उन्हाळा आला, तोवर तो सोनेरी झाला होता.

‘शेवटच्या क्षणापर्यंत कॅमेरा सुरू होता’

नव्हता. कॅसिनीचा कॅमेरा आणि अँटेना यानाच्या सांगाड्याला घट्ट जोडलेले होते. चित्र घ्यायचं तर अख्खं यान वळवावं लागे आणि पाठवायचं तर पुन्हा पृथ्वीकडे. शिवाय संदेश पोचायला तासाहून अधिक वेळ लागे. शेवटची चित्रं आदल्या दिवशीच धाडली गेली. यान एन्सेलाडस किंवा टायटनवर कोसळून तिथे पृथ्वीवरचे जंतू पोचू नयेत, म्हणून त्याला शनीच्याच वातावरणात जाळायचं ठरलं होतं. पडताना अँटेना पृथ्वीकडे रोखलेला ठेवून वायूंची मोजमापं थेट पाठवायची होती. चित्रांसारखा जड मजकूर त्या वेगात मावला नसता. भारतीय वेळेनुसार १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संदेश थांबला, तेव्हा यान नष्ट होऊन ८३ मिनिटं झाली होती.