विश्लेषण : बीएमआय ‘नॉर्मल’, तरीही मधुमेहाचा धोका? पुण्यातील संशोधन काय सांगते?

पावणे : नोकरीत रुजू होताना किंवा वार्षिक आरोग्य तपासणीत उंची-वजन मोजले जाते आणि बीएमआयसमोर ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. बारीक माणूस निरोगी आणि पोट सुटलेला ‘खात्यापित्या घरचा’, हा आपल्याकडचा समज. भारतीयांच्या बाबतीत शेरा आणि समज दोन्ही फसवे ठरू शकतात.

बीएमआय कसा काढतात?

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १९व्या शतकात हे गुणोत्तर मांडले, ते लोकसंख्येच्या अभ्यासासाठी. ‘बीएमआय’ हे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिले. यात वजन कळते. त्यात स्नायू किती, चरबी किती, हे कळत नाही.

पुण्याचे उदाहरण काय?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

असे का होते?

याची मुळे जन्माआधीच सापडतात. पुण्याजवळच्या सहा गावांतील अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

भारतीयांसाठी मर्यादा किती?

जागतिक वर्गवारीत २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीनुसार हे आकडे २३ आणि २५ आहेत. उदाहरणार्थ, १७० सेंमी उंची आणि ६८ किलो वजन असल्यास बीएमआय २३.५ येतो. जागतिक निकषाने ‘नॉर्मल’, भारतीय निकषाने जादा वजन.

मग बीएमआय निरुपयोगी?

नाही. प्राथमिक चाळणी म्हणून तो स्वस्त आणि सोपा आहे. पण सोबत कंबरही मोजावी : पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही धोक्याची रेषा. कंबर त्यापुढे असेल किंवा घरात मधुमेह असेल, तर बारीक दिसणाऱ्यांनीही रक्तातील साखर तपासून घ्यावी.