गोणपाटातले शंभर दाणे

मृग जवळ आला की इस्लापूरच्या घराघरांत एकच विषय असतो. घरचं सोयाबीन पेरायचं, की दुकानातून पिशवी आणायची? असा प्रश्न घेऊन परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जायचं, तर किनवट तालुक्यातल्या या गावाहून अख्खा दिवस मोडतो. आता तिथले शास्त्रज्ञ ऑनलाइन संवादातून मोबाइलवर भेटतात. या शिक्षणाचं मला मोल वाटतं. पण धडा ऐकून हात ओले झाले, तरच.

उगवण चाचणीचंच घ्या. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ दाणे काढायचे आणि त्यातले न निवडता शंभर मोजायचे. टपोरे तेवढे वेचले, की चाचणी खोटी ठरली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, दाण्यांत बोटभर अंतर ठेवायचं. वर दुसरं ओलं गोणपाट, मग सैलसर गुंडाळी. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून धड कोंब मोजायचे; वाकडेतिकडे, कुजलेले सोडून द्यायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. त्याखाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं. साठच्याही खाली गेलं, तर ते बी पेरू नये.

सोयाबीन इतकं हळवं का? त्याचं कवच फार पातळ, आणि मूळ जिथून फुटतं तो गर्भाचा भाग कवचाला अगदी लागून असतो. पोतं आपटलं, मळणी यंत्र जोरात फिरलं, की दाणा वरून साजरा दिसतो आणि आत गर्भ दुखावलेला असतो. काढणीला शेंगा भिजल्या तरी तीच गत. २०१९च्या ऑक्टोबरात पावसाने सोयाबीन भिजवलं आणि २०२०च्या खरिपात मराठवाड्यात बी न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, मजुरी, सगळं पुन्हा. त्याच वर्षी करोनाने बैठका बंद पाडल्या आणि शिकवणं मोबाइलवर आलं.

घरचं बी वापरता येतं, कारण सोयाबीन स्वपरागीभवनाचं पीक आहे. वाणाचे गुण टिकतात. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की दोन-तीन हंगाम निभावतं. संकरित ज्वारीला हे चालत नाही.

किनवटच्या वाड्या-तांड्यांवर घरात गोंडी, कोलामी, बंजारा बोलतात. तिथे ‘बीजांकुरण’ म्हटलं की माणसं गप्प बसतात; ‘कोंब’ म्हटलं की बोलू लागतात. बोलणं दोन्ही बाजूंनी हवं. उघडलेल्या गोणपाटाचा फोटो शास्त्रज्ञापर्यंत पोहोचला पाहिजे. दाणा बुरशीने गेला की मार लागून फुटला, हे त्यावरून पाहता येतं. बुरशी असेल तर आधी बुरशीनाशक चोळायचं, ते सुकलं की रायझोबियम लावायचं, आणि तेही सावलीत. उन्हात ते जिवाणू मरतात.