फ्यूज पुन्हा पुन्हा का जातो?

आमच्या मुळशीत भाताची झोडणी झाली, की पेंढा घरी आणायची घाई असते. त्या दिवसांत घोटावड्याच्या रस्त्याने ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर जातात. ट्रॉलीवर पेंढ्याचा डोंगर आणि वर दोन माणसे बसलेली. अशाच एका ट्रॅक्टरची ही हकीकत. ट्रॅक्टर आमच्या पुतण्याचा, म्हणून सगळे आम्हाला ठाऊक आहे.

ट्रॉलीचा मागचा लाल दिवा लागेनासा झाला. पुतण्याने पाहिले, तर फ्यूज गेलेला. त्याने नवा घातला. दुसऱ्या दिवशी तोही गेला. तिसरा तर फाट्यापर्यंतही टिकला नाही. शेवटी कंटाळून त्याने तांब्याची तार घेतली आणि फ्यूजच्या जागी गुंडाळली. दिवा लागला. "काका, आता बघू कसा जातो ते!" असे तो आम्हाला म्हणाला.

खरेच, फ्यूज गेला नाही. पण संध्याकाळी भरली ट्रॉली आणताना स्टिअरिंगखालून धूर निघू लागला. किल्ली बंद केली तरी धूर थांबेना, कारण त्या ट्रॅक्टरचे दिवे किल्लीवाचूनही लागत. वरच्या माणसांनी उड्या टाकल्या. एकाने बॅटरीची तार ओढून काढली, तेव्हा कुठे धूर थांबला. आणि मागे चार हातांवर कोरडा पेंढा! आठवले की आजही आमच्या अंगावर काटा येतो.

आता फ्यूज म्हणजे काय ते पाहू. रोटाव्हेटर पुष्कळांनी चालवला असेल. त्याच्या शाफ्टमध्ये एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवतात. पात्याखाली मोठा दगड आला, की तो बोल्ट तुटतो आणि महागाची पेटी वाचते. फ्यूज हा विजेच्या वाटेवरचा कच्चा बोल्टच. त्याच्या आत धातूची बारीक पट्टी असते. प्रमाणाबाहेर वीज वाहू लागली, की ती तापून वितळते आणि वाट तुटते. गाडीतली वायर वाचते. तांब्याची तार वितळत नाही. मग वितळते कोण? वायरीवरचे प्लास्टिक. बिडी-सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा खिळा घालणारे लोकही हीच चूक करतात.

काही जण म्हणतात, "बॅटरी तर १२ व्होल्टची. हात लावला तरी झटका बसत नाही. तिला काय भ्यायचे?" बरोबर आहे, झटका बसत नाही. पण झटका वेगळा आणि जाळ वेगळा. विजेच्या ओघाचे माप अँपिअर. बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना आडवा पडला, तर त्यातून शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. म्हणून बॅटरीजवळ काम करताना हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे. बिडी तर ओढूच नये. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

फ्यूजवर आकडा असतो. तो अँपिअरचा. हल्लीच्या चपट्या फ्यूजना रंगही ठरलेले आहेत. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे फ्यूज असतात, त्यांच्या टोपीवर आकडा पाहावा. हा आकडा कंपनीने वायरीची जाडी आणि दिव्यांचा भार पाहून ठरवलेला असतो. हेडलाईटचा एक बल्ब ५५ वॅटचा. ५५ ला १२ ने भागा. साडेचारच्या थोडे वर अँपिअर आले. दोन बल्बांचे नवाच्या वर. १० च्या जागी १५ घातला, की वायरीवर तिच्या ताकदीबाहेरचा भार आपणच टाकला.

फ्यूज गेला, तर गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद, दिवे बंद, किल्ली काढून खिशात. डब्याच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते बहुधा लिहिलेले असते. तेवढाच फ्यूज काढा. उजेडात धरा. मधली पट्टी तुटलेली दिसेल. त्याच आकड्याचा नवा घाला. एकदा घाला. तोही गेला, तर तिसरा घालू नका. दोष शोधा.

शोधायचा कसा? आधी आठवा, फ्यूज केव्हा गेला. बटण दाबताच गेला, तर बहुतेक कुठेतरी वायर उघडी पडून लोखंडाला लागली आहे. पाच-दहा मिनिटांनी गेला, तर भार जास्त झाला आहे. कोणी जादा दिवे, मोठा हॉर्न त्याच वायरीला जोडला असेल. वायपर अडकला असेल तरी त्याची मोटर जास्त वीज ओढते. खड्ड्यात आदळल्यावरच जातो, तर हलणारी वायर पाहा. पावसातच जातो, तर दिव्याच्या घरात पाणी शिरले असेल.

मग त्या फ्यूजवरची सगळी जोडणी सोडवा. ट्रॉलीचा प्लग काढा, हॉर्नची वायर काढा, बल्ब काढा. नवा फ्यूज घाला आणि एकेक वस्तू परत जोडा. जी जोडताच फ्यूज जाईल, तिथे किंवा तिच्या वायरीत खोट आहे. काहीही न जोडता गेला, तर खोट गाडीच्याच वायरिंगमध्ये आहे. फाट्यावरचे जुने वायरिंगवाले फ्यूज फुकट घालवत नाहीत. ते फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब जोडतात. सगळे सोडवूनही बल्ब लख्ख पेटला, की शॉर्ट आहे असे समजतात. मग वायर हलवत जातात. बल्ब विझला, की जागा सापडली. नव्या मोटारींत इंजिनाचा संगणक आणि एअरबॅग असते. त्यांच्या फ्यूजवर हा प्रयोग मुळीच करू नये. ते काम जाणकाराचे.

वायरीला हात घालण्याआधी बॅटरीची वजा बाजूची तार सोडवावी. आधी वजा, मग अधिक. उलट केले आणि पाना लोखंडाला टेकला, तर ठिणगी उडते. जोडताना वजा शेवटी. धूर येत असेल, तर आधी माणसे लांब न्या. बॅटरीपर्यंत धोक्यावाचून हात पोचत असेल तरच तार काढा. ज्वाळा दिसल्या, तर बॉनेट उघडू नका, वारा लागून भडका होतो. १०१ किंवा ११२ ला फोन करा.

पुतण्याच्या ट्रॅक्टरची खोट अगदी साधी निघाली. ट्रॉलीची वायर हुकाच्या दांड्यावरून नुसतीच टाकलेली होती. वळणावर दांडा हलला, की ती घासे. बोटभर जागेवरचे प्लास्टिक गेले होते. गोठ्यात ट्रॅक्टर ठेवणाऱ्यांनी उंदरांकडेही पाहावे. पेंढ्यातले उंदीर वायरी कुरतडतात.

वायरिंगवाल्याने जळालेली वायर बदलली, नवी रबरी नळीतून नेली आणि दांड्याला बांधली. हुकाजवळ वळणापुरती सैल ठेवली. पुतण्या आता तंबाखूच्या रिकाम्या डबीत १० आणि १५ चे दोन-दोन फ्यूज ठेवतो. डबी आम्ही मधूनमधून उघडून पाहतो. दोन सुगी झाल्या, फ्यूज अजून तेच आहेत.