काचेच्या आत आम्ही दोघी, बाहेर ते दोघं

दुबई मॉलमधल्या त्या भल्यामोठ्या काचेसमोर काढलेला फोटो आपल्याकडे किती घरांत असेल! रत्नागिरी-रायगडच्या कुठल्याही मोहल्ल्यात जा, मागे निळं पाणी, डोक्यावर शार्क आणि पुढे सुट्टीत भेटायला गेलेली बायकामुलं, असा एक फोटो दाखवणारं कुणीतरी भेटतंच. मॉलमधून बघायला तिकीट नाही, त्यामुळे तिथे गर्दी कायम. आम्हीही दोनदा तो फोटो काढून आलो होतो. या वेळी मात्र शारजात राहणाऱ्या मामूंनी मुलांना कबूल केलं होतं, ‘काचेच्या आत पाठवतो.’ ओव्हरटाइमचे पैसे बाजूला ठेवून त्यांनी चौघांचं बुकिंग करून टाकलं.

काच म्हणायची सवय, प्रत्यक्षात ते ॲक्रिलिक आहे. 32.88 मीटर रुंद, 8.3 मीटर उंच आणि 75 सेंटीमीटर जाड. त्यामागे 1 कोटी लिटर पाणी. 2008 साली मॉलबरोबरच हे मत्स्यालय सुरू झालं. टाकीची खोली 11 मीटर, म्हणजे तीन मजली घर बुडेल एवढी. आत शार्क आणि पाकट. बाजारात मुशी म्हणून जी घेतो, तिचेच हे थोरले भाऊबंद.

पाण्यात उतरण्याआधी हातात एक फॉर्म येतो. हृदयविकार आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, गरोदर आहात का, दमा आहे का. आम्ही भराभर ‘नाही, नाही’ लिहीत चाललो होतो. धाकट्याच्या फॉर्मवर दम्याच्या प्रश्नापाशी पेन थांबलं.

धाकटा तेरा वर्षांचा. दमा लहानपणापासून, आता बराच कमी आहे, पण पंप दप्तरात असतोच. त्या दिवशी तो पंप मामूंच्या गाडीत मुद्दाम ठेवून आला होता. आपाने ते पाहिलं होतं आणि तिथेच सांगून टाकलं. मामू म्हणाले, ‘अरे, लिहा नाही म्हणून! टाकीच तर आहे, समुद्र थोडाच?’ खरं सांगायचं तर आम्हालाही क्षणभर तेच वाटलं. पोरगं महिनाभर हाच दिवस मोजत होतं. पैसे मामूंचे, आणि गेल्या हिवाळ्यात तर त्याला एकदाही त्रास झाला नव्हता.

फॉर्म घेणाऱ्या प्रशिक्षकाला विचारलं तेव्हा त्याने आवाज न चढवता समजावलं. टाकीत लाट नाही, ओढ नाही, उजेड भरपूर, शार्कांना वेळच्या वेळी खायला घातलेलं. सगळं माणसाने आखून दिलेलं. एक गोष्ट मात्र आखता येत नाही, ती म्हणजे पाण्याचा दाब. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो, मग ते पाणी समुद्राचं असो की मॉलचं. पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा त्याच दाबाने छातीत येते आणि वर येताना फुगत जाते. तळापासून पृष्ठभागापर्यंत दुप्पट. श्वास चालू असेल तर ती आपोआप बाहेर पडते. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दम्यात बारीक नळ्या आवळतात, त्यांच्या मागे हवा अडकते. फुगणारी हवा अडकली तर फुप्फुस फाटू शकतं, हवेचा बुडबुडा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पोहण्याच्या तलावाएवढ्या खोलीतही हे घडू शकतं.

आम्ही ‘हो’ लिहिलं. धाकट्याचं नाव कटलं. त्याच्या अब्बांनी आपलंही नाव काढून घेतलं, मुलगा एकटा बाहेर कसा राहील म्हणून. चूक आमचीच होती. दमा असलेल्या काहींना डॉक्टर नीट तपासून परवानगी देतात, पण ते घरून निघण्याआधी विचारायचं असतं, रांगेत उभं राहून नव्हे. आणखी एक, दहा वर्षांखालच्या मुलांना सहसा स्कूबाला घेत नाहीत, काही ठिकाणी वयाची अट याहूनही कडक असते. सर्दी असेल तर मोठ्यांनीही जाऊ नये, कान मोकळे होत नाहीत.

आत आम्ही मायलेकी गेलो. कपड्यांची काळजी आमच्यासारख्या बऱ्याच जणींना असते, म्हणून सांगतो. रबरी सूट मानेपासून घोट्यापर्यंत असतो आणि डोक्याला हूड मिळतं. सूट अंगाला घट्ट बसतो हे खरं, त्यावरून आम्ही सैल बुर्किनीचा कुर्ता चढवला. ओढणी किंवा लोंबणारं काही चालत नाही, उपकरणांत अडकतं. बाई प्रशिक्षक हवी असेल तर बुकिंग करतानाच विचारावं. पुरुषमंडळींसाठी गंमत अशी की मास्कला दाढीपेक्षा मिशीची जास्त अडचण. नाकाखालून पाणी झिरपतं. मिशी बारीक कातरलेल्यांचा इथे फायदाच! सिलिंडरमधली हवा फार कोरडी असते, घसा सुकतो, तोंडात पाणीही जातं. तेव्हा रोज्यात हा बेत ठेवू नये.

पहिली दोन मिनिटं भीती वाटली ती शार्कची नव्हे, आपल्याच श्वासाची. कानात फक्त तोच आवाज. नाक दाबून हळूच फुंकर मारली की कान ‘टप्’ करून मोकळे होतात, दर हातभर खाली गेलं की पुन्हा तेच. छान चाललंय म्हणून आम्ही अंगठा दाखवला, तर प्रशिक्षक आम्हाला वर न्यायला निघाला! पाण्यात अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’. ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा.

मग सँड टायगर शार्क आला. तोंड उघडं, दात बाहेर, आणि चाल मात्र म्हाताऱ्या इमामसाहेबांसारखी संथ. पाण्यात सगळं एक तृतीयांशाने मोठं दिसतं, त्यामुळे तो अंगावरच आल्यासारखा वाटला. हा मासा वर जाऊन हवा गिळतो आणि ती पोटात ठेवून पाण्यात तरंगत राहतो. त्याची पिल्लं आईच्या पोटातच एकमेकांना खातात, शेवटी दोनच जन्माला येतात. एवढी कमी पैदास, त्यात मासेमारी, त्यामुळे खुल्या समुद्रात तो आता अतिसंकटग्रस्त आहे. त्याला असं भिंतीआड फिरताना पाहून बरं वाटावं की वाईट, हे आम्हाला ठरवता आलं नाही. थोरली म्हणाली, वाईटच.

काचेपाशी आलो तर पलीकडे बापलेक उभे. धाकटा तासभर कुणाशी बोलला नव्हता. आता तो दोन्ही हातांनी जोरजोरात आमच्या मागे बोट दाखवत होता. वळून बघितलं, एक मोठं पाकट पंख हलवत आमच्या डोक्यावरून जात होतं. त्यानंतर उरलेला वेळ बाहेरून खुणा तोच करत राहिला, आणि आम्ही तो दाखवील तिकडे बघत राहिलो.

त्या रात्री मुंबईचं विमान नव्हतं हे बरं. एकदा पाण्यात उतरल्यावर निदान बारा तास विमानात बसायचं नसतं, नाहीतर अंगात मुरलेला नायट्रोजन त्रास देतो. मामू गाडीत गप्पच होते. घराजवळ आल्यावर धाकट्याला म्हणाले, ‘मला ठाऊक नव्हतं रे, बेटा.’

कोकणात परतल्यावर त्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. नळीत फुंकर मारायची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर पंप न चुकवता घे, मग पुन्हा बघू. मालवणला स्कूबा होतं हे त्याने कुठूनतरी शोधून काढलं आहे. सध्या तो रोज सकाळी पोहायला जातो, आणि पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असतो.